एक खिडकी कमी

फोनमधला माणूस दाढीवाला आहे. तो पहारेचं टोक चौकटीखाली सरकवतो, जरासा भार देतो आणि अख्खी खिडकी दुधाचा दात पडावा तशी भिंतीतून सुटून येते. "बघा," तो म्हणतो, "एका माणसाचं काम आहे."

*

फेब्रुवारीत योन्ना हेल्सिंकीहून आली तेव्हा तिची आई हिल्का अंथरुणात होती. डोक्यावर लोकरी टोपी, हातात मोजे, पायांत मोज्यांच्या दोन जोड्या. स्वयंपाकघरातला नळ गोठला होता.
"आई, हे घर आहे की मासे ठेवायचं कोठार?"
"टोपी चांगली आहे गं ही," आई म्हणाली. "तुला एक विणून देऊ?"

*

शेजारचा आर्मास रोज सकाळी टपालाच्या पेटीपाशी येतो. हिल्काही येते. तो मान हलवतो, ती मान हलवते. त्यांच्या आयांनीही एकमेकींकडे बघून अशीच मान हलवली होती, जन्मभर. त्यांच्या बापांनी तर तेवढंही केलं नाही.

*

ऑक्टोबरात खिडकीला आतली झडप लावायची. दोन काचांच्या मध्ये, तळाशी, कापसाची जाड वळी अंथरायची, म्हणजे दव टिपलं जातं. कापूस नुसता बोडका दिसतो म्हणून त्यावर रानातलं पांढरं शेवाळ आणि दोनचार लाल फळं ठेवायची. मग सगळ्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. मे महिन्यात हे सगळं काढायचं. मे उलटून गेल्यावरही ज्या घराच्या खिडकीत कापूस दिसतो, त्या घरात काहीतरी बरं नाही असं रस्ता समजतो.

*

दुसऱ्या महायुद्धात लढाईवरून परतलेल्यांना जमिनीचा एकेक तुकडा मिळाला आणि घराचा नकाशा. नकाशा सगळ्यांना एकच. त्यामुळे या रस्त्यावर पिऊन आलेला माणूस अजूनही चुकून दुसऱ्याच्या घरात शिरतो, आणि स्वयंपाकघर बरोबर जागेवर सापडल्यामुळे त्याला संशयही येत नाही.

*

करवतीच्या गिरणीत भुसा फुकट मिळायचा.

*

आता गोष्ट सलग.

योन्नाने आईपुढे अट ठेवली होती. हा एक हिवाळा. जुन्या खिडक्या काढून नव्या तीन काचांच्या बसवायच्या. घर उबदार राहिलं तर शहरातल्या फ्लॅटचं नाव ती पुन्हा काढणार नाही. नाही राहिलं तर आईने निमूट सामान बांधायचं.

"माणसं लाव, आई. मी बघते कुणीतरी."

"माणसं कशाला?"

"कारण तू साठी ओलांडलीयेस."

"पस्तीस वर्षं शाळेत वाटाण्याच्या सुपाची पातेली उचललीत मी. खिडकी काय त्याहून जड असते?"

खरं कारण वेगळं होतं, आणि योन्नाला ते माहीत होतं. हे घर हिल्काच्या बापाने, ताउनोने, स्वतः बांधलं होतं. दिवसभर गिरणीत लाकूड कापायचं, संध्याकाळी इथे येऊन तेच लाकूड ठोकायचं. पायापासून धुराड्यापर्यंत परक्या माणसाचा हात या घराला लागला नव्हता. ताउनो गेल्यावर हिल्काने त्याची पाणसळ, पटाशी, हातोडा, सगळं तेल लावून ठेवलं होतं. तिच्यासाठी बाप म्हणजे चमच्यातल्या सुपावर फुंकर मारून देणारा माणूस. घर सोडायचं म्हणजे त्याला मागे टाकून जायचं, आणि ते तिला जमणारं नव्हतं. म्हणून खिडक्या तीच बदलणार होती.

ऑक्टोबरात नव्या खिडक्या आल्या, व्हरांड्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या उभ्या राहिल्या. योन्ना रविवारी बघायला येणार होती. शनिवारी सकाळी हिल्काने झोपायच्या खोलीतली खिडकी धरली, आर्मासच्या घराकडे तोंड केलेली. सगळ्यात जास्त वारा तिथूनच यायचा.

फोन तिने खुर्चीच्या पाठीला टेकवून उभा केला.

दाढीवाला: आधी आतल्या पट्ट्या काढा.
हिल्काने काढल्या. खिळे बापाने ठोकलेले, वाकडे न होता निघाले. तिला बरं वाटलं.

दाढीवाला: आता चौकटीच्या भोवतीचे खिळे कापा.
कापले.

दाढीवाला: आता पहार. हळूच. भिंतीला काही होत नाही.

दाढीवाल्याची भिंत कोरड्या पत्र्यासारख्या पाट्यांची होती आणि तिच्या पोटात पिवळी लोकर घट्ट बसवलेली होती. हिल्काच्या भिंतीच्या पोटात भुसा होता. दोन फळ्यांच्या मध्ये, वरपासून खालपर्यंत, सुटा. आणि त्या सुट्या भुशाला आजवर कुणी धरून ठेवलं असेल तर ते खिडकीच्या चौकटीने. हे या रस्त्यावरच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. हिल्कालाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पहार हातात असताना आठवणं वेगळं.

चौकट निघाली. तिने ती छातीशी धरून बाजूला ठेवली, आणि मागे काहीतरी सळसळलं.

आधी तिला वाटलं, पोतं फाटलं. मग दिसलं: खिडकीच्या भोकाच्या वरच्या कडेवरून भुशाचा एक पातळ पडदा खाली येत होता. ती बघत राहिली. पडदा जाड झाला. दोन्ही बाजूंनीही भुसा सुटला, आणि मग तो पडत नव्हता, वाहत होता. तिने तळहात लावला. बोटांच्या फटीतून आला. तिने एप्रन कोंबलं, उशी कोंबली, दुसरी उशी कोंबली. उशांसकट आला. खोलीत जुन्या पाइनचा वास भरला, ती मुलगी असताना बापाच्या कपड्यांना यायचा तो. पाय घोट्यापर्यंत बुडाले. ती काहीच करत नव्हती. पस्तीस वर्षं तीनशे पोरांच्या स्वयंपाकघरात काही उतू गेलं तर तिचा हात आधी हलायचा आणि डोकं मागून यायचं. आज दोन्ही जागच्या जागी थिजले होते.

"झालं," दाढीवाला म्हणाला. "आता नवी खिडकी आणा."

मग ते थांबलं. एकदम. शेवटचा मूठभर भुसा खाली घरंगळला आणि खोली इतकी शांत झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

भिंत किती रिकामी झाली ते बघायला हवं होतं. तिने बॅटरी घेतली, खिडकीच्या भोकात वाकून उजव्या बाजूच्या पोकळीत उजेड टाकला.

भिंतीच्या आतून कुणीतरी बॅटरी तिच्यावर मारली.

ती इतक्या जोरात मागे आली की भुशात बसलीच. भिंतीत कुणी नसतं, तिने स्वतःला सांगितलं. उठली. पुन्हा वाकली. पुन्हा उजेड टाकला. पुन्हा उजेड परत आला. तिने बॅटरी डावीकडे हलवली, भिंतीतली बॅटरीही हलली.

काच होती.

पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं; ती त्या वेळी नेमकी कुठे होती ते तिला नंतरही सांगता आलं नाही. पलंग ओढला. पलंगाच्या डोक्यामागचा, भिंतीला चिकटवलेला शोभेचा कागद फाडला, एकाखाली एक असे चार थर, सगळ्यात आतला निळ्या फुलांचा, जो तिने कधीच पाहिला नव्हता. कागदाखाली उभ्या फळ्या. पहार घातली. पहिली फळी निघाली, दुसरी निघाली, तिसरी तिने हातानेच ओढली.

खिडकी.

अख्खी. दोन झडपांची, आतली-बाहेरची दोन्ही तावदानं जागेवर. रंग पांढरा, कालच मारल्यासारखा; काच धरणाऱ्या लांबीला एक तडा नाही. आतल्या काचेच्या खालच्या अर्ध्यावर तारेत ओवलेला लहान पडदा, लाल काठाचा. पडदा पूर्ण लावलेला नव्हता, पूर्ण उघडलेलाही नव्हता. एका बाजूला ओढून टाचणीने अडकवलेला होता. फटींवर कागदाच्या पट्ट्या. आणि दोन काचांच्या मध्ये, तळाशी, कापूस. कापसावर शेवाळ. शेवाळावर तीन फळं, मिरीएवढी आकसलेली, काळी.

बाहेरच्या काचेपलीकडे अंधार होता. फळ्यांचा.

हिल्का पलंगाच्या कडेवर बसली. मनातल्या मनात ती रस्त्यावरच्या घरांतून फिरून आली. पलीकडच्या सिर्क्काच्या घरात झोपायच्या खोलीच्या त्या भिंतीला दोन खिडक्या. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे दोन. ज्या घरात ती मुलगी असताना पोरं सांभाळायला जायची तिथे दोन. नकाशा एकच. तिच्या घरात एक. आणि हे तिला कधी दिसलंच नाही. इतकी वर्षं रोज रात्री एका खिडकीला डोकं लावून ती झोपली होती.

आणि कापूस.

मेमध्ये काढतात तो कापूस. म्हणजे मे यायच्या आधी. म्हणजे बाहेर बर्फ असताना, खिळे बोटांना चिकटतात अशा थंडीत कुणीतरी बाहेर उभं राहून फळ्या ठोकल्या होत्या. उन्हाळ्यापर्यंत थांबला नाही तो. काच काढून ठेवावी, पडदा काढून घ्यावा, एवढाही धीर नव्हता त्याला. परक्या माणसाचा हात या घराला लागलेला नाही, हे तिने अख्ख्या गावाला सांगितलं होतं. मग हात कुणाचा, ते उघडच होतं.

"बाई."

आवाज बाहेरून आला. खिडकीच्या भोकात आर्मासचं डोकं होतं, टोपीसकट.

"तुमची भिंत वाहतेय," तो म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला होता, आणि हे.

"वाहून झाली," हिल्का म्हणाली.

"माझ्या पायरीपर्यंत आलाय भुसा. मला वाटलं आग लागली." तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "लागलंय का कुठे?"

"आत या. बघा काय आहे इथे."

तो आत आला नाही. ती काही दाखवण्याआधीच तो बाहेरच्या भिंतीच्या कडेने चार पावलं उजवीकडे सरकला आणि दिसेनासा झाला. मग तिला टकटक ऐकू आली. बाहेरच्या फळ्यांवर. नेमकी त्या काचेमागे, नेमकी मधोमध.



"आर्मास," ती म्हणाली. "तुला कसं माहीत?"

ती तशीच, भुसा भरलेल्या बुटांनी, व्हरांड्यातून बाहेर गेली. तो टोपी काढून हातात धरून उभा होता, चर्चमध्ये उभा राहावा तसा.

"तुला माहीत होतं, आर्मास."

"मी पाहिलं होतं ठोकताना."

"आणि सांगितलं नाहीस? रोज टपालाच्या पेटीपाशी भेटतोस."

"तुम्ही लोक बोलत नव्हता. आम्हीही बोलत नव्हतो." त्याने टोपी फिरवली. "मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे. म्हणून बोलत नाही."

"मला वाटायचं, तुझ्या बापाने सीमेचं कुंपण सरकवलं."

"आमच्याकडेही असंच म्हणायचे. तुमच्या बापाने सरकवलं म्हणून."

दोघांनी कुंपणाकडे पाहिलं. कुंपण जिथे असायला हवं तिथेच होतं.

"पहार आण," आर्मास म्हणाला.

बाहेरच्या फळ्या त्याने एकेक करून काढल्या. बारीक काम करणाऱ्या माणसासारखं, खिळे वाचवत. शेवटची फळी निघाली तेव्हा भुशाचा उरलासुरला थर त्याच्या बुटांवर पडला आणि खोलीच्या आत, काचांतून, हिल्काला समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक चौकोन उगवलेला दिसला. तिच्या आठवणीत तिथे उजेड कधीच पडला नव्हता. भिंतीवरचा कागद त्या चौकोनात वेगळ्याच रंगाचा दिसत होता.

"आता मागे बघ," आर्मास म्हणाला.

ती वळली. समोर आर्मासचं घर. तिच्या खिडकीच्या नाकासमोर त्याच्या घराची बाजू. एक खिडकी, आणि तिच्या शेजारी मोकळी भिंत. नुसत्या फळ्या. पण त्या फळ्यांत एक चौकट होती. रंगाखालून, नीट पाहिलं तर, जोड दिसत होते.

"तुमच्याकडेही," ती म्हणाली.

"एकाच दिवशी. एकाच वेळी. तुझा बाप इथे, माझा तिथे. पाठीला पाठ लावून." त्याने हाताने दाखवलं. "मी पायरीवर बसलो होतो. सात वर्षांचा. दोन हातोडे. एक थांबला की दुसऱ्याचा आवाज यायचा. मग दोघं एकदम. एक शब्द नाही. दोघंही एकाच खंदकात होते लढाईत, तुला माहीत असेल."

"नाही."

"ही दोन्ही घरं दोघांनी मिळून बांधली. आधी तुमचं छप्पर, मग आमचं."

हिल्का हसली. हसू कुठून आलं ते तिला कळलं नाही. परका हात. पायापासून धुराड्यापर्यंत.

"का ठोकलं?" तिने विचारलं.

आर्मास पायरीवर बसला. त्याला बोलायची सवय नव्हती. एकेक वाक्य तो खिशातून किल्ली शोधावी तसं शोधत होता.

"छप्पन्नचा मोठा संप. मार्च. गिरणी बंद. तुझा बाप संपाच्या समितीत. मग शेतकऱ्यांनी ठरवलं, कामगार काम करत नाहीत तर आम्ही त्यांना दूध देत नाही. माझा बाप, उर्हो, त्यांच्यात. गाय होती ना आमच्याकडे. तू तेव्हा तान्ही. तुझ्या आईला ताप भरलेला, अंगावर दूध नाही."

"पुढे."

"तुझ्या बापाने समितीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं म्हणे, उर्होच्या गोठ्यातला थेंब माझ्या घरात येणार नाही. तो सभेला गेला की तुझी आई तो पडदा बाजूला ओढायची. टाचणी लावायची. माझी आई आमच्या खिडकीतून बघायची आणि किटली घेऊन यायची. लपून. आठवडाभर चाललं. मग एक दिवस माझ्या बापाला पडदा दिसला."

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"अंगणात येऊन ओरडला. रस्ताभर ऐकू गेलं. संपवाल्याची पोर माझ्या गायीवर जगतेय. तुझा बाप तेवढ्यात सभेतून परत आला. बरोबर समितीतली माणसं. सगळ्यांनी ऐकलं. तुझ्या बापाचा चेहरा मला अजून दिसतो. तो सरळ आत गेला, हातोडा घेऊन बाहेर आला. त्याला बघून माझा बापही हातोडा आणायला गेला."

हिल्का उभीच होती. घरात जो हातोडा तेल लावून ठेवला होता, तो एकच हातोडा होता. दुसरा कधी नव्हताच.

"म्हणजे मी उपाशी असताना," ती म्हणाली. "त्याला माहीत होतं मी उपाशी आहे, तरी."

आर्मासने पायरीवरचा भुसा हाताने झटकला.

"माझा बाप असा नव्हता, आर्मास."

"माझाही नव्हता," आर्मास म्हणाला.

*

ती आत गेली, भुशात बसली आणि फोन उचलला. दाढीवाला अजून तिथेच होता, पुढच्या खिडकीवर. तिने त्याला बंद केलं आणि योन्नाला लावला.

"काय गं आई? झाली खिडकी?"

"एक काढली. एक सापडली."

"काय सापडली?"

"खिडकी."

"आई, सकाळची गोळी घेतलीस ना?"

"घेतली." हिल्काने समोर पाहिलं. लाल काठाचा पडदा, टाचणी. टाचणी लावताना आईच्या अंगात ताप होता. "योन्ना, मला न्यायला ये."

"काय?"

"मी येते फ्लॅटवर. घर विकून टाक. मला नको हे."

योन्नाने कारण विचारलं नाही. मग इतकंच म्हणाली, "उद्या सकाळी निघते. तू काही उचलू नकोस." गेली कित्येक वर्षं तिला हेच ऐकायचं होतं, आणि तिच्या आवाजात भीती होती.

फोन ठेवल्यावर हिल्काला फावड्याचा आवाज आला. आर्मास खोलीत उभा होता, रिकामी पोती काखेत घेऊन. न विचारता आत आला होता. तो भुसा पोत्यात भरत होता.

"राहू दे," ती म्हणाली. "मी जातेय इथून."

"जा. पण वारा उत्तरेचा आहे. भोक उघडं ठेवून गेलीस तर रात्रीत तुझे सगळे नळ फुटतील, आणि पाणी माझ्या तळघरात येईल." त्याने पोत्याचं तोंड बांधलं. "नवी खिडकी कुठेय?"

"व्हरांड्यात."

"आधी वर फळी ठोकायची असते, बाई. भुसा धरायला. मग चौकट काढायची. कुणी सांगितलं नाही?"

"दाढीवाल्याने नाही सांगितलं."

"कोण दाढीवाला?"

"आहे एक. फोनमध्ये राहतो."

आर्मासने फोनकडे पाहिलं, आणि जास्त विचारलं नाही.

फळी ठोकली. नवी खिडकी दोघांनी उचलून भोकात बसवली, खाली पाचरी सरकवल्या, ताउनोची पाणसळ लावली. बुडबुडा मधे येईना. आर्मासने एक पाचर काढून तासली. मग माळ्यावर चढून त्याने भिंतीत वरून भुसा ओतायला सुरुवात केली, आणि हिल्का खालून पोती देत राहिली. उघडलेल्या खिडकीच्या भोवती त्यांनी फळ्यांचे कप्पे केले, म्हणजे भुसा तिच्यावर येणार नाही. हे करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. हात तसे चालले.

एक पोतं वर देताना तिने विचारलं, "मग मी जगले कशी?"

आर्मासने वर पोतं रिकामं केलं.

"माझी आई थांबली थोडीच," आर्मास म्हणाला. "खिडकी बंद झाली म्हणून. तुमच्या सौनाच्या न्हाणीघरामागून यायची. मागची वाट. पहाटे."

"कंबरभर बर्फ असतो तिथे."

"असतो."

"मग?"

त्याचं डोकं माळ्याच्या भोकातून खाली आलं. केसांत भुसा.

"ते आईलाही कळलं नाही. रोज पहाटे ती निघायची तेव्हा वाट साफ केलेली असायची. फावड्याने. आमच्या गोठ्यापासून तुमच्या सौनापर्यंत."

हिल्काच्या हातातलं पोतं तसंच राहिलं.

"माझी आई साफ करायची?" तिने विचारलं.

"तुझी आई लेम्पी तोवर अंथरुणाला खिळली होती. उठता येत नव्हतं."

"मग कोण?"

"आमच्या गोठ्याकडून अर्धी वाट आणि तुमच्या सौनाकडून अर्धी. मधे जोड दिसायचा, आई म्हणायची. फावड्याची रुंदी वेगळी." तो पुन्हा वर गेला. "दे पोतं."

तिने पोतं दिलं. मग ती शिडीच्या पायथ्याशी तशीच उभी राहिली, हात वर, रिकामे. सकाळपासून बसलेले धक्के एकवेळ पचले असते. हा कुठे ठेवायचा ते तिला कळेना. वर टोपी बडवल्याचा आवाज आला. आर्मासही थांबला होता.

*

योन्ना रविवारी दुपारी आली. गाडीतून उतरताना तिने रिकामी खोकी आणली होती.

खोलीत तिने एक नवी खिडकी पाहिली, आणि शेजारी एक जुनी, जी या घरात असायला नको होती. ती दारातच थांबली. आईने तिला सगळं सांगितलं. सांगताना कॉफी गाळली, वेलदोड्याचा पाव कापला. शेवटी योन्ना उठली, तळहात ओला करून नव्या खिडकीच्या कडेने फिरवला. एका कोपऱ्यात तो गार पडला.

"इथून येतोय वारा."

"तिथे आर्मास फोम मारणार आहे."

योन्नाने जुन्या खिडकीच्या कडेने हात फिरवला. खालून वर, वरून खाली. पुन्हा एकदा.

"इथून नाही येत," ती म्हणाली. "जराही नाही."

"ती वापरलीच नाही ना इतकी वर्षं. भुशात होती."

"पण आई, हा कापूस तरी काढ. कसा दिसतो."

"ऑक्टोबर आहे," हिल्का म्हणाली. "कापूस आत्ताच घालतात."

योन्ना खुर्चीत बसली. पाव हातात तसाच. "काल तू म्हणालीस, न्यायला ये."

"आलीस ना. कॉफी घे."

"आई."

"मी राहतेय. खिडक्या अजून तीन व्हायच्यात. तुझी अट हिवाळाभराची होती. हिवाळा अजून सुरूही झालेला नाही."

"आणि आजोबांनी जे केलं ते?"

हिल्काने बराच वेळ कप फिरवला.

"काय काय केलं त्याने, ते तरी कुठे कळलंय मला पुरतं," ती म्हणाली. "इथे बसून विचार करीन. तिकडे फ्लॅटच्या भिंती काँक्रीटच्या. तिथे काय सापडणार?"

योन्ना हसली नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिली. समोर आर्मास आपल्या घराच्या बाजूच्या भिंतीपाशी उभा होता, एक हात फळ्यांवर ठेवून. मग तो आत गेला. थोड्या वेळाने त्याच्या घरातून जड कपाट सरकवल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"त्याला मदत लागेल," योन्ना म्हणाली.

"मग जा," हिल्का म्हणाली. "पण आधी फळी ठोकायला सांग."

छप्पन्नच्या मार्चमध्ये उर्होच्या गोठ्यात एकच गाय होती, मुस्तिक्की नावाची. ती गाभण होती, आटत चालली होती आणि दोन वेळचं मिळून एक किटलीसुद्धा भरत नव्हती. त्या महिन्यात उर्होच्या घरात कॉफी काळीच प्यायली गेली.